कशेडीची सादळलेली माती

मुंबई,
३ मे १९६४

प्रिय तय्यब,
नमस्कार.

मी तुला पत्र लिहायचं नाही आणि तू मला लिहायचं नाही, हा आपला जुना करार आज मी मोडतो आहे. अडला हरी. पुढची अर्धी म्हण तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

गेल्या पावसाळ्यात कशेडी घाटात दरडीच्या चिखलात तुझी लॉरी रुतली होती, आठवतं ना? त्या चिखलाचा एक गोळा गोणपाटात बांधून तू माझ्या खोलीवर आणून आदळलास. "एवढा शास्त्रज्ञ झालास, तर हा डोंगर उन्हाळाभर गप्प बसतो आणि पावसात रस्त्यावर का येतो ते सांग," असं म्हणून माझा चहा पिऊन चालता झालास. तो गोळा मी फेकून देणार होतो. फेकला नाही, आणि आज त्याच्यावरच माझं पोट आहे.

झालं असं की एका रिकाम्या दुपारी मी त्याची एक चपटी वडी दाबून केली, दोन्ही अंगांना धातूच्या चकत्या लावल्या आणि वीज सोडली. तय्यब, घट्ट वडीतून वीज गेली! ही माती थराथरांची असते. जेवणावळीआधी पत्रावळ्यांची चवड रचतात ना, तशी. दर दोन पत्रावळ्यांच्या मध्ये क्षारांचे अतिबारीक कण बसलेले असतात आणि त्यांच्या अंगावर विजेचा भार असतो. आम्ही त्यांना आयन म्हणतो. ते थरांमधून सरकत गेले की वीज वाहते. आमचे साहेब तर हरखूनच गेले. उद्या यातून ॲसिड न सांडणारी बॅटरी होईल, म्हणाले. ॲसिडने भोकं पडलेल्या तुझ्या पाटलोणी आठवून मला तुझ्यासाठीही आनंद झाला.

आता अडचण. तो गोळा संपला. ऑगस्टमध्ये संस्थेची समिती बसणार आहे आणि तिच्यासमोर मला हे पुन्हा करून दाखवायचं आहे. मीटरचा काटा हलला तर माझी शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढेल. नाही हलला तर साहेब म्हणाले, "गावाकडे जा आणि मास्तरकी करा." पाच वर्षांची मेहनत आहे रे ही. मला दुसरं काही येतही नाही आणि आवडतही नाही.

तेव्हा त्याच वळणावरची, त्याच दरडीची माती पाठव. आणि एक कर. मागच्यासारखा चिखल नको. कोरडी ठणठणीत पाठव. पाणी म्हणजे आमच्या कामात निव्वळ घाण.

तुझा,
मुरारी

महाड, जि. कुलाबा
१९ मे १९६४

शास्त्रज्ञ मुरारराव यांस तय्यबचा सलाम.

पत्र पोचलं. म्हण पूर्ण येते मला. आपण एकाच बाकावर शिकलो, आणि मराठीत माझे मार्क जास्त होते.

तुझी माती आज आमच्या गाडीने येते आहे. ती मिळवताना माझी काय शोभा झाली ते ऐक. मे महिन्यात कशेडीचा तो उतार दगडासारखा असतो. लॉरी कडेला लावून भर उन्हात मी टिकाव चालवत होतो. तेवढ्यात तुझे वडील हैबतीकाका पोलादपूरहून एस.टी.ने येत होते. त्यांनी मला ओळखलं आणि गाडी थांबवायला लावली. अख्खी एस.टी. खिडक्यांतून डोकी काढून बघते आहे, आणि काका विचारतायत, "काय रं तय्यब, काय हरवला काय तुझा?" मी म्हटलं, तुमच्या मुरारीसाठी माती काढतो. काकांनी तिथेच सगळ्या गाडीला सांगितलं, "माझा पोरगा मातीतनं बिजली काढतो. ही तीच माती हाय." कंडक्टर उतरला आणि एक ढेकूळ खिशात घालून घेऊन गेला. आता तुमच्या कुडपण गावात वीज कधी येणार असं लोक तुझ्या वडिलांना विचारतात, आणि ते "पावसाळ्यानंतर" असं सांगतात. तू आणि ते बघून घ्या.

कोरडी पाहिजे म्हणालास ना? मग ऐक. नुसतं ऊन दाखवून तुझ्यासारख्याचं समाधान व्हायचं नाही, म्हणून माती दिलावर चाचाच्या बेकरीत नेली. पाव निघाल्यावर आसिया चाचीने ती भट्टीत सारली आणि दिवसभर तिथेच ठेवली. मग गरम असतानाच बिस्किटाच्या डब्यात भरली आणि झाकणाला मेणबत्तीचं मेण लावून बंद केली. चाची म्हणाली, "आता ह्याच्यात पाण्याचा वास पण नाय." महाडात याहून कोरडी वस्तू फक्त आपल्या गणिताच्या मास्तरांचा स्वभाव होती.

बॅटरी झाली की पहिली माझ्या लॉरीला.

तय्यब

मुंबई,
१४ जून १९६४

तय्यब,

डबा मिळाला. मेण फोडलं, माती बघितली, जीव सुखावला. अशी कोरडी माती मी आयुष्यात हाताळली नव्हती. लगेच वड्या केल्या आणि मुंबईची दमट हवा लागू नये म्हणून काचेच्या हवाबंद भांड्यात, पाणी शोषून घेणाऱ्या पुडीवर ठेवल्या. इतकी काळजी मी स्वतःच्या तब्येतीची घेत नाही.

आणि वीज? शून्य. काटा मेल्यासारखा पडून आहे. मीटर बदलला, तारा बदलल्या, चकत्या घासल्या. काही नाही.

मधे एकदा एक वडी चुकून खिडकीत राहिली. सकाळी सहज लावून बघितली तर काटा टुणकन उठला. मी नाचायचाच बाकी होतो. तिला नीट भांड्यात जपून ठेवली, तर दोन दिवसांनी ती पण ढिम्म. साहेब म्हणतात, "एकदा हो आणि एकदा नाही, याला शास्त्र म्हणत नाहीत." बरोबरच आहे त्यांचं.

मी खूप विचार केला. यंत्र ठीक आहे, मी ठीक आहे. राहता राहिली माती. तय्यब, खरं सांग. तू ती नक्की त्या वळणावरचीच आणलीस का? की उन्हाचा कंटाळा येऊन रस्त्याकडेची कुठलीतरी भरलीस आणि वर थोडी खरी पसरलीस? गाड्यांच्या धंद्यात वर चांगला माल आणि खाली भुसा असं चालत असेल. माझ्या जन्माचा प्रश्न आहे हा. समिती ऑगस्टमध्ये आहे.

मुरारी

महाड, जि. कुलाबा
२२ जून १९६४

श्री. मुरारी हैबती शेलार यांस,
आपले दि. १४ चे पत्र पोचले.

माती त्याच वळणावरची होती. साक्षीदार एक एस.टी. भरून आहेत, पैकी एक आपले वडील. आमच्या धंद्यात खाली भुसा घालत नाहीत. आपल्या धंद्यात डोक्यात काय घालतात ते कळले.

यापुढे माती पाहिजे असल्यास दुसरी व्यवस्था करावी.

कळावे,
तय्यब

महाड, जि. कुलाबा
१२ जुलै १९६४

हे पत्र आसिया चाचीचं आहे. ती सांगते तसं मी लिहितो आहे. माझा यात संबंध नाही.

मुरारी, पोरा, तुला दुवा. तू बोर्डिंगात होतास तवा रोज सांजचा भट्टीकडं याचास आणि गरम पाव खाऊन जायाचास. आता मोठा झालास तर आमची माती खोटी म्हंतोस? (चाची, असं त्याने तुला नाही, मला म्हटलं आहे. 'लिही तू,' म्हणते.) भट्टीत माती मी माझ्या हातानं सारली. खोटी असती तर मला कळली असती. तरी पण म्हटला, पोराचा काम अडलाय. तर ह्या तय्यबला पाठवला परत घाटात.

(मला कुणी पाठवलं नाही. गाडी तिकडून येतच होती. पाऊस लागला होता आणि त्या वळणावर माझ्या पायाखालची जमीन हलत होती, एवढंच नोंदवतो.)

माती परत तशीच भट्टीत सुकवली हाय. आणि तू वाळला असशील म्हणून नानकटाई केली हाय. दोन्ही एकाच डब्यात हायेत, मधे कागद घातलाय, मेण लावलाय. नानकटाई एकट्यानं खायाची. रोज सकाळी एक, च्याच्या बरोबर. एकदम सगळी संपवायची नाय.

आणि पोरा, दोस्ताला असा बोलू नये. ह्यो दोन दीस जेवला नाय. (जेवलो होतो.)

आसिया चाचीचा सलाम. तय्यबचा नाही.

मुंबई,
२ ऑगस्ट १९६४

प्रिय तय्यब,

हे पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग चाचीलाही वाचून दाखव, आणि मग दोघांनी मिळून मला जोड्याने मारा.

डबा आला त्या दिवशी मी सगळी माती हवाबंद भांड्यात घालणार होतो, पण भांडं आधीच्या वड्यांनी भरलेलं होतं. म्हणून नव्या मातीची एक वडी करून ती टेबलावरच तारांना लावून ठेवली. शेजारी नानकटाईचा डबा, झाकण उघडं. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

पहिल्या सकाळी चाचीच्या हुकुमाप्रमाणे चहाबरोबर एक नानकटाई खाल्ली. काय कुरकुरीत! मीटर बघितला, काटा मेलेला. दुसऱ्या दिवशी नानकटाई जरा नरम, आणि काटा जरा हललेला. त्यानंतर ती अगदीच सादळली, दातांना चिकटायला लागली, आणि काटा निम्म्यावर! मी हातात अर्धी नानकटाई घेऊन तसाच उभा राहिलो. मग एक काम केलं. एक सादळलेली नानकटाई आणि ती वडी, दोन्ही हवाबंद भांड्यात घातली. दोन दिवसांनी काढली, तर नानकटाई पुन्हा कुरकुरीत आणि वडी पुन्हा मुकी.

पाणी, तय्यब! मी ज्याला घाण म्हणत होतो ते पाणी!

पत्रावळ्यांची चवड कोरडी असली की पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. मधले कण जागच्या जागी अडकून बसतात. हवेतलं पाणी थरांमध्ये शिरलं की पानं किंचित विलग होतात, पाणी कणांना वेढून घेतं आणि कण सुटे होऊन सरकायला लागतात. आणखी पाणी शिरलं की ते चक्क पळतात. पण त्याचीही हद्द आहे. मी लोभाने एक वडी पाण्याच्या वाटीवर झाकून ठेवली, तर ती टम्म फुगली आणि सकाळी तिचा चिखल झालेला. पानंच सुटली एकमेकांपासून. तुझा डोंगर पावसात रस्त्यावर का येतो ते तू विचारलं होतंस. याचमुळे येतो. उत्तर द्यायला मला वर्ष लागलं, पण तू प्यायलेला माझा चहा फुकट गेला नाही.

म्हणजे तुझी माती पहिल्यापासून खरी होती. तू आणि चाचीने ती जीव तोडून कोरडी केलीत, कारण मीच तसं लिहिलं होतं. आणि मी ती आणखी कोरडी करून तिचा गळा दाबत होतो आणि वर तुला खोटा म्हणत होतो. मला लाज वाटते रे. भुशाचं जे वाक्य लिहिलं ते परत घेता आलं असतं तर मी हातची सगळी माती देऊन घेतलं असतं.

साहेबांना नानकटाईचं सांगितलं. ते म्हणाले, "समितीपुढे खाण्याचे पदार्थ आणू नका." समिती दहा तारखेला बसते आहे. रात्री वड्या खिडकीत ठेवीन, सादळलेल्या घेऊन जाईन. अजून भीती वाटतेच.

तुझाच,
मुरारी

महाड, जि. कुलाबा
६ ऑगस्ट १९६४ (कार्ड)

पत्र चाचीला वाचून दाखवलं. तिला एवढंच कळलं की तू नानकटाई सादळू दिलीस. फार रागावली आहे. तुला माफ करायचं की नाही याचा मी विचार करतो आहे. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं आहे, ते उतरल्यावर ठरवीन. दहा तारखेला घाबरू नकोस.

तय्यब

मुंबई,
१३ ऑगस्ट १९६४

प्रिय तय्यब,

ऐक. पहिल्यापासून सांगतो, कारण एकदम सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

दहा तारखेला वड्या सुंदर सादळल्या होत्या. प्रयोगशाळेत काटा असा उभा राहिला की शिपायानेसुद्धा शाबासकी दिली. तेवढ्यात निरोप आला की समिती प्रयोगशाळेत येणार नाही, संचालकांच्या दालनात बसणार. सगळं सामान उचलून तिकडे नेलं. आत पाय टाकला आणि अंगावर काटा आला. संचालकांनी नवीन थंड हवेचं यंत्र बसवलं आहे. बाहेर धो धो पाऊस आणि आत खोली अशी थंड आणि कोरडी की ओठ फुटावेत.

समिती तीन जणांची. पुण्याचे एक जाड चष्म्याचे प्राध्यापक, एक निवृत्त मोठे अधिकारी आणि आमचे साहेब. मी वडी लावली. काटा वर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला. चहाबरोबर त्यांच्या परदेशातल्या आठवणी आल्या. त्या संपेचनात. इकडे काटा हळूहळू खाली. मी डोळ्यांनी बघतो आहे, तय्यब, माझी पाच वर्षं त्या काट्याबरोबर खाली चालली आहेत आणि मधे बोलायची सोय नाही. आठवणी संपल्या तेव्हा काटा शून्यावर येऊन टेकला होता. अधिकारी म्हणाले, "थांबली वाटतं तुमची वीज." साहेबांनी माझ्याकडे बघायचंच सोडलं.

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या यंत्राच्या नळीतून पाणी टपटपत होतं. खोलीतलं सगळं पाणी ते पिळून बाहेर टाकत होतं! मला काय झालं माहीत नाही. मी वाकलो, तोंड वडीजवळ नेलं आणि चष्म्याची काच पुसताना करतात तसा हाऽऽ करून मोठा उसासा सोडला.

काटा उठला.

काटा पुन्हा उतरायला लागला. मी पुन्हा हाऽऽ केलं. पुन्हा वर. पुण्याचे प्राध्यापक खुर्ची सारून उठले. "बाजूला व्हा, मला करू द्या." त्यांनी चष्मा काढला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि असा काही हाऽऽ केला की काटा मीटरच्या टोकाला जाऊन आपटला. मग अधिकाऱ्यांना राहवेना. शेवटी आमचे साहेबसुद्धा, जे प्रयोगशाळेत कुणाला खोकू देत नाहीत, ते गुडघ्यावर बसून मातीच्या वडीला उसासे देत होते. संचालक आत आले तेव्हा चार विद्वान एका टेबलाभोवती ओणवे होऊन हाऽऽ हाऽऽ करत होते. ते दार लावून परत गेले.

नंतर मी थरांचं सगळं समजावून सांगितलं. पाणी किती शिरलं की कण किती चालतात, कुठे थांबतात, कुठे वडी मोडते. पुण्याचे प्राध्यापक म्हणाले, "पाणी ही घाण नव्हे, तोच विषय आहे. यावरच काम करा." हवेतलं पाणी मी कशाने मोजलं असं त्यांनी विचारलं. साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण मी खरं तेच सांगितलं: नानकटाईने.

दोन वर्षं मिळाली, तय्यब. शिक्का मारलेला कागद हातात आहे. तू दोनदा घाटात गेला नसतास तर मी आज सामान बांधत असतो. आमच्या आबांना, तुझ्या हैबतीकाकांना, तूच सांग. बिजली पावसाळ्यानंतर येणार नाही हेही जरा गोडीने सांग.

आणि माफीचं काय ठरलं?

तुझा,
मुरारी

महाड, जि. कुलाबा
२३ ऑगस्ट १९६४

प्रिय मुरारी,

तुझं पत्र बेकरीत सगळ्यांसमोर वाचलं. दिलावर चाचा हसून हसून पिठात बसला. आता इथे लॉरी सुरू झाली नाही की पोरं बॅटरीला हाऽऽ करतात. हैबतीकाकांना बाजारात गाठून सांगितलं. बिजलीचं ऐकून ते म्हणाले, "बिजली नाय तर नाय. मोठमोठ्या सायबांना गुडघ्यावर बसवला ना माझ्या पोरानं?" आता कुडपणात तेच सांगत असतात. त्यांच्या गोष्टीत साहेब बारा झाले आहेत.

माफी दिली. ती तर चाचीने पत्र लिहायला बसवलं तेव्हाच दिली होती, तुला कळवली नव्हती.

आता मला एक सांगायचं आहे. मे महिन्यात तुझं पत्र आलं आणि त्यात होतं की जमलं नाही तर गावाकडे मास्तरकी. त्याच आठवड्यात मी इथल्या हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे गेलो होतो. शास्त्राची जागा रिकामी आहे, दिवाळीपर्यंत कुणाला देऊ नका, माझा दोस्त कदाचित येईल, असं सांगून आलो. चाचीने बेकरीच्या वरची खोली झाडून घेतली. तुला खोटी माती मी कधीच पाठवली नसती, हे तुला माहीत आहे. दोन्ही वेळा टिकाव मारताना मनापासून मारला. पण तुझा काटा हलत नाही असं तू लिहिलंस, तेव्हा रागाच्या तळाशी मला थोडं बरंही वाटलं होतं. वाटलं, येईल आता परत. संध्याकाळी नदीवर बसायला कुणीतरी होईल. सगळे पांगले रे, कुणी मुंबईला, कुणी आखातात. गाडी हाकताना बोलायला क्लीनर असतो, पण त्याच्याशी काय बोलणार?

काल हेडमास्तरांना सांगून आलो की मुरारी येत नाही, त्याला तिकडे दोन वर्षं मिळाली. ते म्हणाले, "वा, चांगलं झालं की." मी म्हटलं, "हो. फार चांगलं झालं." आणि ते खरंच आहे. पण येताना बाजारातून न येता मी मागच्या रस्त्याने घरी आलो, कुणी काही विचारू नये म्हणून.

मंगळवारी गाडी मुंबईला यायची आहे. ड्रायव्हर पाठवत नाही, मीच घेऊन येतो. खोलीवर थांब.

तुझा,
तय्यब